फक्त पार्श्वसंगीत ऐकून संगीतकार कसा ओळखायचा?

चाल सोडा, आधी बेस, म्हणजे सगळ्यात खालचे, खर्जातले सूर ऐका. तमिळ सिनेमाचे संगीतकार इलैयाराजा तिथेच सापडतात. त्यांचा बेस नुसता सूर धरून बसत नाही, स्वतःची वेगळी चाल गातो आणि वर व्हायोलिनं तिसरंच काही बोलत असतात.

हॉलिवूडचे बर्नार्ड हर्मन ओळखायला पेटी पुरे. सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी एकदम दाबा. 'सायको' (१९६०) हा सिनेमा याच कॉर्डनं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांनी, सुरू होतो. मायनरवर (कोमल ग असलेल्या कॉर्डवर) शुद्ध नी ठेवला की कानाला कुठेच टेकायला जागा मिळत नाही. जॉन विल्यम्स आश्चर्याच्या प्रसंगी मेजर (शुद्ध ग असलेल्या) कॉर्डवर तीव्र मध्यम आणतात, म्हणजे आपल्या यमन रागातलाच. हान्स झिमर म्हणजे मोजके कॉर्ड फिरत राहणं आणि थरावर थर चढणं. पण त्यांची नक्कल इतकी झालीय की मी पैज लावणार नाही.

अजय-अतुलसाठी आपल्या करमाळ्याकडचा 'सैराट' (२०१६) हेडफोनवर ऐका. त्यातला सिम्फनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झालाय. सोलापुरात वरातीत बँडवाले तीच गाणी वाजवतात तेव्हा उरते ती फक्त चाल, मधले सगळे कॉर्ड गायब. दोन्ही लागोपाठ ऐकलंत तर हार्मनी, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे हे सूर, नेमकं काय काम करते ते लगेच कळेल.