जाळ्यात अडकलेले कासव सोडवताना जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला भरपाई मिळते का?

होय, महाराष्ट्रात मिळते. ऑलिव्ह रिडले कासव, देवमासा, डॉल्फिन यांसारख्या संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास कमाल 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात डिसेंबर 2018 पासून आहे. मात्र प्राण्याला समुद्रात सोडतानाचे छायाचित्र काढून ठेवावे लागते, आणि हेलकावणाऱ्या होडीत ते वाटते तितके सोपे नसते.

खरी अडचण समुद्रात हरवलेल्या किंवा टाकून दिलेल्या जाळ्यांची आहे, कारण त्यांच्याबाबत भरपाई मागणारा किंवा जबाबदारी घेणारा कोणीच नसतो. पूर्वीचे सुती जाळे कुजून जाई. नायलॉनचे वर्षानुवर्षे तसेच राहते आणि मासे पकडतच राहते. कासव फुप्फुसांनी श्वास घेत असल्यामुळे त्याला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते, आणि वल्ह्यासारख्या पुढच्या पायाभोवती दोऱ्याचा पीळ बसला की ते वर येऊ न शकल्याने गुदमरते किंवा सुटण्याच्या धडपडीत तो पायच गमावते. पावसाळ्यात असे गुंतलेले, जखमी कासव किनाऱ्यावर दिसल्यास त्याला परस्पर पाण्यात ढकलू नये, वनविभागाला कळवावे. डहाणू येथे अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे.