क्यूबची एक बाजू जमते, पण पुढे गेले की सगळे मोडते, काय करावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, मुलीच्या वाढदिवसाला आणलेल्या रुबिक क्यूबची पांढरी बाजू तुम्ही तीन आठवड्यांत लावू लागलात, परंतु दुसऱ्या बाजूला हात घातला की पहिली मोडते. तेव्हा चाळिशी उलटलेल्या माणसाला हे कोडे खरोखर शिकता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कोठून करावी? शिकता येते. मी स्वतः सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकलो, आणि तुम्ही जेथे अडला आहात तेथेच मीही दोन महिने अडलो होतो.

अडचण ‘बाजू’ या शब्दापासूनच सुरू होते. आपण नऊ रंगीत चौकोन एकत्र आणायला जातो. प्रत्यक्षात फिरतात ते तुकडे. बाहेरून दिसणारे तुकडे २६ आहेत: मध्यभागी एकाच रंगाचे ६, कडेला दोन रंगांचे १२ आणि कोपऱ्याला तीन रंगांचे ८. पांढरा-लाल-हिरवा हा कोपरा संपूर्ण क्यूबमध्ये एकच असतो आणि त्याची जागाही एकच असते. पांढरी बाजू लागली की तिच्या चारही कडांवरून नजर फिरवून पाहा. एकाच कडेवर लालशेजारी निळा, निळ्याशेजारी नारिंगी अशी सरमिसळ दिसली, तर तुकडे पांढऱ्या बाजूला आले आहेत, पण आपापल्या घरी गेलेले नाहीत, असे समजावे. अशी बाजू पुढे मोडावीच लागते.

माझे काम येथेच, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, यंत्राच्या पकडीत (चकात) धरला की आधी तो सेंटरला आहे की नाही ते पाहायचे आणि मगच टूल लावायचे, ही हाताला जुनी सवय आहे. म्हणून क्यूब समजेना तेव्हा मी स्क्रू ढिले करून तो उघडला. आत सहा हातांचा सांगाडा निघाला. सहाही मधले तुकडे त्या हातांवर पक्के बसवलेले असतात. ते जागच्या जागी फिरतात, पण एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. नेहमीच्या क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळा, लालसमोर नारिंगी आणि निळ्यासमोर हिरवा कायम राहतो, म्हणजे कोणती बाजू कोणत्या रंगाची होणार हे मधला तुकडा आधीच सांगत असतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी बाजू लावणे सोडून थर लावू लागलो: आधी खालचा, मग मधला, मग वरचा.

नुसत्या अंदाजाने फिरवत राहून हे सुटत नाही, कारण शक्य रचनांची संख्या ४३ वर अठरा शून्ये द्यावीत त्याहूनही मोठी आहे. बुडापेस्टमध्ये अध्यापन करणाऱ्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये हे कोडे घडवले, तेव्हा ते पुन्हा जुळवायला त्यांनाही महिनाभर लागला होता. तुमच्या तीन आठवड्यांची खंत करण्याचे कारण नाही.

सुरुवात अशी करावी. पिवळा मधला तुकडा वर धरून त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाचे चार कडेचे तुकडे आणावेत, म्हणजे फुलासारखी आकृती दिसेल. मग त्यांपैकी एकेका तुकड्याचा दुसरा रंग समोरच्या मधल्या तुकड्याशी जुळवून ती बाजू दोनदा फिरवावी. खाली पांढरे अधिक चिन्ह तयार होते, आणि या वेळी प्रत्येक तुकडा आपल्या घरी असतो.

यानंतरचे चार फेरे या साऱ्या शिक्षणाचा कणा आहेत: उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी बाजू खाली, वरचा थर उजवीकडे. पांढरा रंग असलेला कोपरा वरच्या थरात, त्याच्या घराच्या बरोबर वर, समोर उजव्या हाताला आणावा आणि तो नीट बसेपर्यंत हे चार फेरे करावेत. कधी एकदा पुरते, कधी तीनदा, कधी पाचदा. पण त्याआधी एक प्रयोग अवश्य करा. क्यूब आहे त्या स्थितीत त्याचे फोटो काढून ठेवा आणि हेच चार फेरे सलग सहा वेळा करा. मध्ये सगळे विस्कटलेले दिसेल, आणि सहाव्या वेळी क्यूब फोटोतल्या स्थितीत परत येईल. रंकाळ्याच्या काठी बसून मी हे प्रथम केले, तेव्हा मोडण्याची माझी भीती गेली, आणि शिकणे खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले. मोडलेले परत आणण्याची वाट त्या फेऱ्यांतच असते. फक्त मध्येच थांबायचे नाही.

मधल्या थरासाठी आठ फेऱ्यांचे एक सूत्र आणि त्याचे डावे रूप पाठ करावे लागते. तीनचार दिवसांत ते बोटांत बसते.

पिवळ्या थराकडे आल्यावर कडेच्या तुकड्यांपैकी किती पिवळे वर आले आहेत ते मोजावे. एकही नसेल, दोन असतील किंवा चारही असतील तर ठीक. एक किंवा तीन असतील तर तुमची चूक नाही. क्यूब कोणीतरी उघडून चुकीचा जोडलेला आहे. मी उघडलेला क्यूब घाईने जोडताना कडेचा एक तुकडा उलटा बसवला होता आणि आठ दिवस सूत्रालाच दोष देत होतो. तुकडे कसेही बसवले तर क्यूब सुटण्याजोगा राहण्याची शक्यता बारात एक असते. अशा वेळी सुटे करून रंग जुळवूनच पुन्हा जोडावा.

शेवटी पिवळे कोपरे जागेवर येऊनही वळलेले राहतात. वळलेला एक कोपरा वरच्या थरात समोर उजव्या हाताला आणून उजवी बाजू खाली, तळाचा थर डावीकडे, उजवी बाजू वर, तळाचा थर उजवीकडे, असे दोनदा किंवा चारदा करावे. पिवळा वर आला की पुढचा वळलेला कोपरा त्याच जागी आणण्यासाठी फक्त वरचा थर फिरवावा. संपूर्ण क्यूब हातात वळवू नये, बहुतेक जण येथेच चुकतात. या काळात खालचे दोन्ही थर मोडलेले दिसतात. शेवटचा कोपरा वळला की ते आपोआप जुळतात, आणि मग वरचा थर जागेवर फिरवण्याचे तेवढे उरते.