खोपा विणतो नर, मग नाव ‘सुगरण’ का?

चोपड्याकडच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: खोपा नर विणतो, तरी पक्ष्याचं नाव ‘सुगरण’ असं बाईचं का? आणि स्वयंपाकाशी त्याचा काय संबंध?

स्वयंपाकाशी काहीच नाही. आपल्याकडे सुगरण म्हटलं की भरीत आणि कळण्याची भाकर डोळ्यांपुढे येते, पण मुळात हा शब्द ‘सुगृहिणी’वरून आलेला. घर नीट राखणारी, ती सुगरण. ‘गृह’चं प्राकृतात ‘घर’ झालं, पुढे ‘घ’तला हकार गळाला आणि ‘गर’ उरलं. गुजरातीत याच पक्ष्याला ‘सुगरी’ म्हणतात. गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरकडच्या माणसाला हे नातं वेगळं सांगावं लागत नाही. पंचतंत्रात माकडाने जिचं घरटं मोडलं त्या पक्षिणीला ‘सुगृही’ म्हटलंय, आणि मोडल्यावर ती ‘निर्गृही’ होते. पक्ष्याच्या नावात घराचा अर्थ असा शाबूत राहिला. माणसांच्या बाबतीत तो चुलीपुरता आक्रसला, याचं मला वाईट वाटतं.

इतर भाषांची नजर वेगळी. हिंदीत बया, बंगालीत बाबुई. तमिळमधल्या ‘तूक्कणांकुरुवी’त टांगलेल्या घरट्याकडे लक्ष आहे. शास्त्रीय नाव ‘प्लोसियस फिलिपिनस’. प्लोसियस म्हणजे ग्रीकमध्ये विणणारा, हे अगदी चपखल. फिलिपिनस मात्र साफ चूक: जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1766 मध्ये हे नाव दिलं खरं, पण हा पक्षी फिलिपाइन्समध्ये आढळतच नाही.

आता नर-मादीचं. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीखाली उभं राहून बघा. पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या पात्याला कडेला चोच लावतो आणि उडताना लांब धांदोटी सोलून नेतो. अर्धा खोपा झाला की थांबतो, पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरून पारख करते. पसंत पडला तरच तो खालची नळी पुरी करतो. आतलं अस्तर, अंडी उबवणं आणि पिलांचं बरंचसं पोषण तिच्याकडे. म्हणून आसोद्याच्या बहिणाबाईंनी खोप्यात आई पाहिली, ते मला जराही खटकत नाही. बांधणारा तो असला तरी घर चालवते ती, आणि ‘सुगृहिणी’चा अर्थही तोच.

शिवाय जातीच्या नावाचं लिंग हे व्याकरणाचं असतं. घार म्हटलं म्हणून सगळ्या घारी माद्या नसतात, की कावळे सगळे नर नसतात. तेव्हा वर्गात पक्ष्याचं नाव ‘सुगरण’च सांगा, आणि विणणाऱ्याबद्दल बोलताना ‘सुगरणीचा नर’ म्हणा. ‘सुगरणा’ असा नवा शब्द घडवायची काही गरज नाही. ‘खोपा’ मात्र सोडू नका. ‘घरटं’ कोणत्याही पाखराचं असतं. खोपा म्हटलं की आपल्याकडच्या पोराला तो लोंबताना दिसतो.