घराजवळच्या पक्षी-प्राण्यांचे फोटो चांगले येण्यासाठी मोठी लेन्स घ्यावी का?

तुमचं म्हणणं असं दिसतंय: जंगलात जायला सवड नाही, हाताशी साधा डीएसएलआर आणि २५० मिमीपर्यंतची लेन्स आहे, त्यावर तुम्ही आसपासच्या चिमण्या, कबुतरं, खारी, मांजरं टिपता. पण प्रत्येक फोटो 'इथे एक पक्षी होता' असा पंचनामा वाटतो. मोठ्या लेन्सनं फरक पडेल का?

पडेल. पंचनाम्यातला पक्षी मोठा दिसेल, बस. मीही आधी लेन्सच घेतली होती, म्हणून सांगतोय. तुमच्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, २५० मिमीला जेवढी चौकट मिळते, तेवढी मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मिळवायला ३७५ ते ४०० मिमीची लेन्स लागते. रोज दिसणाऱ्या प्राण्यांना ती पुरून उरते.

पंचनामा होतो तो उंचीमुळे. आपण उभ्या उभ्या कॅमेरा खाली रोखतो, त्यामुळे कबुतराची पाठ येते आणि तिला चिकटलेली जमीन तितकीच स्पष्ट येते. आता पालथे पडा आणि कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर धरा. कबुतरामागे आता जमीन नसते, वीस-तीस मीटर लांबची झाडं नाहीतर भिंत असते आणि ती पार विरघळून जाते. लेन्स तीच, कबुतर तेच. लोक बघतात, हे खरं. पहिले चार दिवस आपल्याला लाज वाटते, नंतर लोकच कंटाळतात.

कबुतराचा विषय निघालाच आहे, तर त्याची मान नीट बघा. चालताना ती पुढे-मागे हलते असं वाटतं, पण मागे येतच नाही. कबुतर डोकं झटक्यात पुढे नेतं, क्षणभर हवेत तिथंच रोखून धरतं, आणि तेवढ्यात धड खालून पुढे येऊन डोक्याला गाठतं. १९७८ साली कबुतरांना ट्रेडमिलवर चालवून पाहिलं होतं. आजूबाजूचं दृश्य मागे सरकेना, तेव्हा मानेचा हा खेळही थांबला. म्हणजे सगळा खटाटोप नजर स्थिर ठेवण्यासाठी. आपल्या कामाचं एवढंच, की डोकं रोखलेलं असताना १/२५० शटर स्पीडलाही (म्हणजे शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडं असतं तेव्हाही) डोळा धारदार येतो आणि झटक्याच्या वेळी १/५०० लाही फसगत होऊ शकते. दहा मिनिटं कॅमेरा न उचलता नुसतं बघत बसा. तो ताल बोटात उतरतो.

अशा सवयी प्रत्येकाच्या असतात आणि मी लेन्सपेक्षा त्यांवरच जास्त विसंबतो. वारा असेल तर पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतातही वाऱ्याला सामोरे जाऊनच, म्हणून वारा आपल्या पाठीशी घ्यायचा. नाहीतर अख्खी सकाळ शेपट्यांचे फोटो काढण्यात जाते. उडण्याआधी पक्षी किंचित दबतो आणि बऱ्याचदा शिटतो. हसू नका, शीट पडली की बटण दाबून धरा! आणि कधी एखाद्या फोटोत बाकी सगळं स्पष्ट, पण डोळा मात्र मोतीबिंदू झाल्यासारखा दुधाळ दिसला, तर तुमचा फोकस चुकलेला नाही. ती पक्ष्यांची तिसरी पापणी, डोळ्यावरून आडवी फिरते. हे कळेपर्यंत मी उगाच लेन्सला दोष देत होतो. तेव्हापासून एकाच्या जागी चार-पाच फोटो सलग घेतो.

सेटिंगचं फार डोक्यात घेऊ नका. बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/२००० किंवा त्याहून जलद, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर. फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो कशानंच सुधारत नाही. फोकसचा ठिपका कायम डोळ्यावर. फक्त कावळ्याशी जपून. कॅमेऱ्याला सगळं जग करडं असावं असं वाटतं, त्यामुळे चौकटभर कावळा आला की तो त्याला राखाडी करून टाकतो. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, उणे करायचं. तोच कावळा उजळ आकाशापुढे असला तर उलट, अधिक करायचं, नाहीतर नुसती काळी आकृती येते.

जवळ कसं जायचं, याचं उत्तर जुनं आहे. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे भाऊ पक्षी टिपण्यासाठी बैलाच्या कातड्याच्या पोकळ सोंगात लपून बसत. तुम्हाला बैल नको, उभी गाडी किंवा खिडकीचा पडदा पुरे. प्राणी बिचकतात ते माणसाच्या आकृतीला आणि झटक्यांना. काचेतून फोटो काढायचा तर लेन्स काचेला सरळ टेकवा, तिरकी नको. खोलीतला दिवा बंद. आणि उघड्यावर असाल तर प्राण्याकडे सरळ चालत जाऊ नका. तिरके, थांबत थांबत, दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखे जा. मांजराच्या बाबतीत तर आपण जाऊच नये. खाली बसावं, कंटाळल्यासारखं करावं, तेच येतं.

काहीच मिळत नसेल अशा दिवशी खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारा कोळी शोधा. जेमतेम अर्धा सेंटिमीटर, अंगभर लव, आठ डोळे आणि त्यांतले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे. हा जाळ्यात बसून वाट बघत नाही, नजरेनं शिकार करतो. त्यामुळे लेन्स जवळ नेली की पळण्याऐवजी बऱ्याचदा वळून तुमच्याकडे बघतो. फोनवर चिकटवायची मॅक्रो लेन्स असली तरी जमतं. इतक्या जवळून कॅमेऱ्याला जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट दिसते, म्हणून फोकसची चक्री फिरवत बसू नका, स्वतःच श्वासाइतकं पुढे-मागे झुला आणि दोन मोठे डोळे लख्ख झाले की फोटो घ्या. आपली सावली मात्र त्याच्यावर पडू द्यायची नाही, ती पडली की गेलाच तो फटीत.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मला खिडकीजवळच्या झुडपात घरटं सापडलं होतं. समोर एक डहाळी आडवी येत होती, ती मी सुतळीनं बाजूला बांधली. फोटो झकास आले. संध्याकाळी सुतळी सोडायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं, आणि खाली एका अंड्याचं टरफल. कशानं झालं ते मी पाहिलं नाही, पण घरट्यावरचं ऊन आणि कावळ्याची नजर अडवणारी ती एकच डहाळी होती. ते फोटो मी आजवर कुणाला दाखवलेले नाहीत. आता घरटं दिसलं की मी थांबत नाही. फोनवर पक्ष्यांचा आवाज लावून त्यांना बोलावणंही नको, विणीच्या दिवसांत तर मुळीच नको. बिचारा पक्षी नसलेल्या शत्रूला हुसकावत बसतो.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर जवळपास पाणी असेल तर चतुरांपासून करा. गार सकाळी अंग तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही, तेव्हा दोन वीत अंतरावरूनही बघू देतात, पंखांवरच्या दवासकट. ऊन चढलं की चतुर एखादी काडी धरतो, माशी दिसली की झेपावतो आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो. म्हणून तो उडाला की कॅमेरा त्याच्यामागे फिरवू नका. फोकस काडीच्या टोकावर ठेवून द्या आणि हात स्थिर ठेवा, येईलच.