शोअर फ्लायला मराठीत काय म्हणायचं? चिलट, किनारमाशी का काठमाशी?

प्रश्न असा आहे की रंकाळ्याच्या काठाला ओल्या चिखलावर बसणाऱ्या बारक्या काळपट माशा, इंग्रजीतल्या शोअर फ्लाय, त्यांना प्रोजेक्टमध्ये चिलटं म्हटलं तर चालेल का, आणि एफिड्रिडी हे त्यांचं कुल लिहायचं, गण लिहायचं का प्रजाती.

बोलताना चिलट म्हणा की बिनधास्त. आपल्याकडं केळ्यावर घोंगावतं तेपण चिलट आणि गाडीवरून जाताना डोळ्यात जातं तेपण चिलटच. पण लिहिताना नको, कारण चिलट म्हटलं की डासाच्या बाजूचं लांब मिशांचं, नाजूक पायांचं काहीतरी डोळ्यासमोर येतं आणि या माशांच्या मिशा आखूड, अंग दणकट. हा फरक नुसता पुस्तकी नाही बरं का. पॉलिहाऊसमध्ये या दोन्ही जातकुळीच्या माशा एकत्र दिसतात आणि सगळे दोन्हीला "ती बारकी काळी माशी" म्हणून मोकळे होतात. त्यातलं फंगस नॅट हे खरं चिलट, त्याची काळ्या डोक्याची अळी कोवळी मुळं खाते. शोअर फ्लायची अळी मुख्यतः शेवाळ खाते, रोपाला तिचा तसा त्रास कमीच, मोठी माशी पानावर घाणीचे ठिपके पाडते तेवढंच. म्हणजे नाव चुकलं की औषधाचे पैसे पाण्यात.

आता वर्गीकरण. गण द्विपंखी म्हणजे डिप्टेरा, त्यात डास, घरमाशी, ही सगळी आली, पंखांची एकच जोडी आणि मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गुंड्या. (मधमाशी यात नाही, तिला चार पंख, नावात माशी असली तरी ती मुंग्यांच्या गणातली.) एफिड्रिडी हे कुल, जगभरात सुमारे २००० जाती. आणि ते केळ्यावरचं चिलट, प्रयोगशाळेतलं ड्रोसोफिला, ते याच अधिकुलात बसतं, म्हणजे चुलत घराणं.

घोळ होतो तो प्रजातीवर. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज, मराठी जीवशास्त्रात त्याला जाती म्हणतात आणि प्रजाती म्हणजे जीनस. हिंदी बातम्यांमुळं आता पेपरवालेपण उलटंच लिहितात. उदाहरण घ्या, हायड्रेलिया ही याच कुलातली प्रजाती आणि हायड्रेलिया फिलिपिना ही जाती. तिची अळी भाताच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, पानाच्या कडा खाते, आजरा-गगनबावड्याकडं भात असणाऱ्याला पोंगा म्हणजे काय ते सांगायला नको.

नावाचं म्हणाल तर किनारमाशी मला पटत नाही, किनारा म्हटलं की कोल्हापूरकर थेट मालवणला पोचतो. तळं, ओढा, गटार सगळ्याला काठ असतो म्हणून मी काठमाशी म्हणतो, शब्द माझ्या पदरचा आहे, पटला तर घ्या. तसं काठमाशी तरी सगळ्यांना कुठं लागू पडतं म्हणा, कॅलिफोर्नियात या कुलातली एक अशी आहे की तिची अळी जमिनीतून वर आलेल्या कच्च्या तेलाच्या डबक्यात राहते आणि तेलात पडून मेलेले किडे खाते!

प्रोजेक्टमध्ये "काठमाशी, कुल एफिड्रिडी, गण डिप्टेरा" एवढंच लिहा. मोबाईलच्या फोटोवरून जाती ठरवायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी माशी मायक्रोस्कोपखाली धरून अंगावरचे केस न् पंखांच्या शिरा बघाव्या लागतात.