‘तिला म्हणे रेड इंडियन शिकायचंय!’

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात (जि. वर्धा) शाळामास्तर आहे. मुलगी नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इतिहास आणि इंग्रजी साहित्य घेऊन. वर्षभरापूर्वी तिनं मोबाइलवर मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची प्राचीन लिपी कशी उलगडली याचा एक व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. अमेरिकेतल्या रेड इंडियन लोकांचा अभ्यास करायचा म्हणते. तिकडच्या एका विद्यापीठाची एम.ए.ची फी बघून मला घाम फुटला. घरचे म्हणतात स्पर्धा परीक्षा दे. आपला त्या लोकांशी काय संबंध? यात पोट भरतं का? स्पष्ट सांगा.

उत्तर : सर, सप्रेम नमस्कार.

स्पष्ट सांगा म्हणालात, तर आधी तो शब्द सोडून द्या. ‘रेड इंडियन’ हा शब्द अर्जात लिहिला तर अर्ज तिथेच बाजूला पडेल. कोलंबस १४९२ साली भलत्याच किनाऱ्याला लागला आणि त्याच्या त्या चुकीचं ओझं तिथल्या लोकांच्या नावावर बसलं. आज कुणाबद्दल बोलायचं तर त्या समाजाचं स्वतःचं नाव घेतात. आपण ज्यांना नवाहो म्हणतो ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. कॅनडात ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणतात, त्यांच्याखेरीज इन्युइट आणि मेटी वेगळे. मी या पत्रात ‘मूलनिवासी’ लिहिणार आहे. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की वेगळंच राजकारण डोळ्यांपुढे उभं राहतं हे मला ठाऊक आहे, पण दुसरा शब्द सापडेपर्यंत चालवून घ्या.

संबंध म्हणाल तर तुमच्या स्वयंपाकघरापासून सुरू होतो. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा आणि काजू ब्राझीलकडच्या तुपी भाषेतला. दोन्ही शब्द पोर्तुगिजांच्या जहाजातून आपल्याकडे उतरले. तुमच्या भागातली भिवापुरी मिरची मूळची तिकडचीच. पण एवढ्यावर कुणी करिअर करत नाही, म्हणून तुमच्या जिल्ह्यातलीच एक गोष्ट सांगतो.

मरे एमनो नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ होते, जन्मानं कॅनडाचे. येल विद्यापीठात ते एडवर्ड सपीर यांच्या हाताखाली तयार झाले, आणि सपीर म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषांचे दादा अभ्यासक. तिथे घोटलेली पद्धत घेऊन एमनो १९३५ ते १९३८ भारतात राहिले. बोलणाऱ्यासमोर बसायचं, एकेक शब्द विचारायचा, कानाला पडेल तसा लिहायचा, अशी ती पद्धत. त्यांनी निलगिरीत तोडा भाषा टिपली आणि तुमच्या वर्ध्याकडच्या कोलाम आदिवासींची कोलामी टिपली. कोलामीवरचं त्यांचं पुस्तक १९५५ साली निघालं. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ मेरी हास यांच्याबरोबर त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासी भाषांच्या नोंदीचा मोठा प्रकल्प उभा केला.

त्याच बर्कलेत भाषाशास्त्रज्ञ विल्यम ब्राइट तयार झाले. १९४९ साली, एकविसाव्या वर्षी, ते कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीकाठच्या कारुक लोकांत वही घेऊन गेले. आजीबाईंसमोर बसून सारखे शब्द विचारणाऱ्या या पोराला कारुकांनी नावच ठेवलं : ‘शब्द विचारत फिरणारा छोटू’. त्यानंतर ते भारतात आले. बोली कन्नडवरचं त्यांचं पुस्तक १९५८ साली आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापलं. कारुक भाषा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले तेव्हा नातवंडांना शिकवायला ब्राइट यांच्या त्या जुन्या वह्याच कामी आल्या. २००६ साली ते गेले, त्याआधी कारुकांनी त्यांना मानानं आपल्यातलं करून घेतलं.

म्हणजे तुमच्या मुलीची जी वाट तुम्हाला अशक्य वाटते तिच्यावर लोक उलट्या दिशेनं चालून आपल्या दारात आलेले आहेत. हत्यार एकच आहे. ते इथे हातात बसलं की तिकडे चालतं.

आता माया लिपी. मुलीला तिचीच भुरळ पडली आहे, त्यात वावगं काही नाही. युरी क्नोरोझोव या सोव्हिएत अभ्यासकानं १९५२ साली लेनिनग्राडमध्ये टेबलाशी बसून त्या लिपीचं कुलूप सैल केलं. तोवर त्यांनी माया प्रदेशात पाऊलही ठेवलं नव्हतं. व्हिडिओत ही गोष्ट फार छान दिसते. पण ती बघून पोरांना वाटतं की माया लोक संपले आणि कोडं तेवढं उरलं. एकट्या ग्वातेमालात २२ माया भाषांना मान्यता आहे आणि लाखो लोक त्या रोज बोलतात. बाजारात भाजी विकताना बोलतात, कोर्टात दुभाषा मागतात. लिपी वाचणाऱ्यालाही आज यातली एखादी भाषा यावी लागते, कारण दगडावरचं क्रियापद उलगडायला जिवंत भाषेतलंच क्रियापद मदतीला येतं.

या विषयात परकं विद्यापीठ प्रवेश देईल, पण खरी परवानगी त्या समाजाची घ्यावी लागते. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हावासुपाई लोक राहतात. त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरले. लोकांना याचा पत्ताच नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० साली विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. त्याआधीच, २००२ साली, दिने राष्ट्रानं आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनच थांबवलं होतं. तिथे आज साधी मुलाखत घ्यायची तरी त्यांच्या स्वतःच्या मंडळापुढे जावं लागतं. तुम्ही कोण, कशाला आलात, आमच्या हाती काय ठेवून जाणार, असे प्रश्न ते विचारतात. अर्जातल्या निबंधात ‘मला लहानपणापासून गूढ संस्कृतींचं आकर्षण’ असं लिहिणाऱ्या पोरांना मी तो कागद फाडायलाच लावतो.

काय ठेवून जायचं याचं एक उदाहरण सांगतो. मॅसॅच्युसेट्सच्या वाम्पानोआग लोकांची भाषा दीडशे वर्षं कुणाच्या तोंडी नव्हती. जेसी लिटल डो बेअर्ड या त्यांच्यातल्याच बाईंनी एमआयटीत भाषाशास्त्र शिकून २००० साली मास्टर्स केलं. १६६३ साली त्यांच्या भाषेत छापलेलं बायबल आणि जुनी खरेदीखतं समोर ठेवून त्यांनी व्याकरण पुन्हा बांधलं. त्यांची मुलगी ती भाषा जन्मापासून ऐकत मोठी झाली. अशा कामात बाहेरच्या माणसाला जागा असते, पण मदतनिसाची. ते तिला चालणार आहे का, हे तिला नीट विचारा.

आता पैशाचं. तुम्ही ज्या फीनं घाबरलात ती भरूच नका. अमेरिकेत एम.ए. बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून असतं. चांगल्या विद्यापीठातल्या पीएच.डी.ला मात्र फी माफ असते, वर्ग शिकवण्याच्या बदल्यात मानधनही मिळतं. म्हणून एम.ए. इथे करायचं. माझं मत डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र. पुरातत्त्वाची ओढ असेल तर तेही तिथेच आहे. दोन वर्षांत स्पॅनिश पक्की करायची, निदान बी-टू (वरच्या मध्यम) पातळीची डेले ही स्पॅनिशची परीक्षा पास होण्याइतकी. इन्स्तितुतो सर्वांतेस ही स्पेन सरकारची संस्था ती परीक्षा घेते. ब्राझीलकडे वळायचं असेल तर पोर्तुगीज, त्यासाठी गोवा विद्यापीठ आहे. इतिहास आणि राजकारणाच्या अंगानं जायचं असेल तर जेएनयूत लॅटिन अमेरिकेवरचे अभ्यासक्रम आहेत.

पुढे फक्त अमेरिकेकडेच बघू नका. तिथल्या काही विद्यापीठांनी अलीकडे मानव्यशाखांतल्या पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आहेत. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात मेसोअमेरिकेच्या (म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जुन्या संस्कृतींच्या) अभ्यासाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, सगळं स्पॅनिशमधून. जर्मनीत बॉन विद्यापीठात माया लिपीचा कोश बनवण्याचं काम २०१४ पासून चालू आहे. तिथे शिक्षण शुल्क नाही, पण राहण्याच्या वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी ‘ब्लॉक्ड’ खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात) ठेवावी लागते. ती तजवीज तुम्हाला आत्तापासूनच करावी लागेल. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात फर्स्ट नेशन्सच्या भाषांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

नोकरी? प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि परदेशी माणसाला त्या मिळणं अवघड, हे मी लपवणार नाही. संग्रहालयांत काम आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं मूलनिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत देणं बंधनकारक झालं. नोंदी तपासून ते परत करायला माणसं लागतात, मात्र व्हिसाची अडचण तिथेही येते. इथे परत आली तर भाषा-दस्तऐवजीकरण, अभिलेखागारं, आदिवासी भागातली शिक्षणाची कामं. स्पॅनिश तर पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत भाताची सोय करतेच. माझा एक विद्यार्थी कर्ज काढून परदेशी एका वर्षाचं एम.ए. करून आला, स्थानिक भाषेचा एक शब्दही न शिकता. त्याला आज बँकेचे हप्ते विषयापेक्षा जास्त पाठ आहेत. दुसऱ्या एका मुलीची पीएच.डी. अर्धीच राहिली, पण स्पॅनिश होती म्हणून तिचं काही अडलं नाही.

स्पर्धा परीक्षेबद्दल एवढंच : मन नसताना दिलेली पाच वर्षंही खर्चातच धरा.

तर आता करायचं काम. उन्हाळ्याच्या सुटीत तिला यवतमाळकडच्या एखाद्या कोलाम पोडावर (वस्तीवर) पाठवा. ओळखीच्या शिक्षकामार्फत, आधी विचारून. कॅमेरा नको, वही-पेन्सिल पुरे. घर, पाणी, तीळ, मोहफूल, पाठीवर बसलेली माशी, असे शंभर शब्द तिनं कोलामीत लिहून आणावेत, आणि ज्या म्हातारीनं सांगितले तिला ते परत वाचून दाखवावेत. ऐकून ती बाई हसली की समजायचं उच्चार चुकला, पुन्हा विचारायचं. दुसऱ्या दिवशीही तिला तिथे जावंसं वाटलं, तर डेक्कनचा फॉर्म भरा.

आणि पुढचं पत्र तिनं लिहू दे, तुम्ही नको. सोबत ती शब्दांची यादी जोडायला सांगा.