वुहानहून 2020 मध्ये परत आणलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचं पुढे काय झालं?

माझी मावसबहीण त्यांच्यातलीच, म्हणून सांगते. 23 जानेवारी 2020 ला कोरोनामुळे चीनमधलं वुहान बंद झालं. 1 आणि 2 फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांनी साडेसहाशेच्या आसपास लोक दिल्लीत आणले, त्यात विद्यार्थी खूप. पण लगेच घरी नाही. आधी मानेसर किंवा छावला इथे चौदा दिवस विलगीकरण.

थोड्या दिवसांत परत जायचंच आहे, म्हणून ती एक सॅक घेऊन आली. पुस्तकं, स्टेथोस्कोप, मावशीने दिलेला गोडा मसाल्याचा डबा, सगळं होस्टेलच्या कपाटात राहिलं. चीनने विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली ती थेट ऑगस्ट 2022 मध्ये. तोवर मोबाईलवर लेक्चर. रुग्णाच्या पोटाला हात न लावता पोट तपासायला कसं शिकणार?

जुलै 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सवलत दिली. शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलांनी 30 जून 2022 पर्यंत पदवी पूर्ण केली, त्यांना एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, देता आली. पास झाल्यावर इंटर्नशिप मात्र एकऐवजी दोन वर्षं. ही अट मला रास्तच वाटते. खरे हाल झाले ते खालच्या वर्षांतल्या मुलांचे, कारण त्यांना ही सवलत नव्हतीच.